गळक्या पंपाची परीक्षा

मराठवाड्याचा उन्हाळा ज्यांनीं अनुभविला आहे, त्यांस मे महिन्यांतील जालन्याचें ऊन कसें असतें हें निराळें सांगावयास नको. पारा ४० अंशांच्या वर चढलेला असतो, डांबरी सडक तापून निघालेली असते, आणि अशा समयीं जुन्या मोटारींतून राजूरच्या गणपतीस अगर जांबेस समर्थांच्या जन्मस्थानीं निघालेल्या कुटुंबास वाटेंत पेट्रोलचा वास येऊं लागतो. हा वास बहुधा मागील आसनावरील आजीबाईंस प्रथम जाणवतो. मोटार हांकणारे चिरंजीव मात्र "जुन्या गाडीला एवढा वास यायचाच" असें म्हणून तिकडे दुर्लक्ष करतात. आमच्या मतें या बाबतींत आजीबाईंचें नाक खरें आणि चिरंजीवांचें शास्त्र खोटें. सुस्थितींत ठेवलेल्या मोटारीस, मग ती चाळीस वर्षांची कां असेना, पेट्रोलचा वास येतां कामा नये. तो येतो तेव्हां पेट्रोल कोठें तरी बाहेर पडत असतें. आणि जुन्या मोटारींत हें ठिकाण पुष्कळदां इंजिनाच्या कुशीस बसविलेला पेट्रोलचा पंप हेंच निघतें.

हा पंप गळूं लागला आहे कीं दुसरेंच कांहीं गळतें आहे हें कसें ओळखावें, आणि पंप बदलणें भागच पडल्यास तो कोणत्या क्रमानें बदलावा, याचें विवेचन प्रस्तुत लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे. विषय कारखान्यांतला आहे म्हणून गृहस्थाश्रमी वाचकांनीं तो मिस्त्रीवर सोंपवून मोकळें होऊं नये. पाना मिस्त्रीनें चालविला तरी पैसे आणि प्राण हे दोन्ही घरधन्याचेच असतात.

ज्या मोटारींविषयीं आम्ही लिहीत आहों त्या आतां विरळ होत चालल्या आहेत. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स कंपनीच्या कुर्ला येथील कारखान्यांत इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्यानें ज्या मोटारी होऊं लागल्या, त्यांपैकीं एक पुढें पद्मिनी या नांवानें प्रसिद्धि पावली. चार सिलिंडरांचें, १०८९ घन सेंटिमीटरांचें तिचें इंजिन एका पिढीच्या डॉक्टर, वकील व प्राध्यापक मंडळींच्या परिचयाचें होतें. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींतील शेवटची पद्मिनी २००३ च्या ऑक्टोबरांत नोंदली गेली, आणि टॅक्सीची वीस वर्षांची मुदत भरतांच २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिनें मुंबईकरांचा निरोप घेतला. तथापि वडिलांची आठवण म्हणून सांभाळलेल्या पद्मिनी, शेतावर राबलेल्या महिंद्रांच्या जुन्या पेट्रोल जीपा, आणि १९८३ च्या डिसेंबरांत अवतरलेल्या मारुति ८०० च्या पहिल्या पिढ्या अद्यापि खासगी मालकांच्या दारीं दिसतात. या सर्वांत पेट्रोल ओढण्याचें काम इंजिनाच्याच गतीवर चालणारा पंप करतो. अलीकडील मोटारींत विजेचा पंप टाकीच्या पोटांत असतो व त्याचा दाबही कित्येक पटींनीं अधिक असतो. त्यांची कथा वेगळी, आणि त्यांस पुढील सूचना लागूं नाहींत.

मिस्त्री लोक या जुन्या पंपास "एसी पंप" म्हणतात. हें नांव ऐकून पुष्कळांस मोटारींतील हवा थंड करण्याच्या यंत्राची आठवण होते. वास्तविक ए. सी. हीं आल्बर्ट चँपियन या उद्योजकाच्या नांवाचीं आद्याक्षरें होत. त्यानें स्थापिलेल्या अमेरिकन कारखान्याच्या मालावर हीं अक्षरें असत. त्या छापाचे पंप जीपांबरोबर व इतर मोटारींबरोबर जगभर पसरले, आणि मालाचें नांव वस्तूस चिकटलें. दुकानांत माल मागतांना घोटाळा होऊं नये एवढ्यासाठींच हें येथें सांगितलें.

पंपाचें कार्य

पंपाची रचना समजल्यावांचून गळतीचें निदान होणें नाहीं; आणि सुदैवानें ती रचना आटोपशीर आहे. कॅमशाफ्ट नांवाचा जो दांडा इंजिनाच्या झडपांची उघडझांप करतो, त्यावर एक फुगीर चकती असते. दांडा फिरतांना ही चकती पंपाच्या तरफेस, किंवा कांहीं इंजिनांत एका लहान काठीस, ढकलते. तरफेच्या दुसऱ्या टोंकाशीं रबर लावलेल्या कापडाचा एक लवचिक पडदा जोडलेला असतो; यासच डायाफ्राम म्हणतात. तरफ पडद्यास खालीं ओढते तेव्हां वरच्या पोकळींत निर्वातासारखी स्थिति होऊन टाकींतील पेट्रोल नळीवाटें वर खेंचलें जातें. तरफ सैल पडली म्हणजे पडद्याखालील स्प्रिंग त्यास वर लोटते व तेंच पेट्रोल कार्ब्युरेटरकडे जातें. आलेलें पेट्रोल उलट फिरूं नये म्हणून येण्याच्या व जाण्याच्या वाटेवर एकेक झडप असते. कार्ब्युरेटरची वाटी भरली कीं तिची सुई वाट बंद करते, पडदा खालींच थांबतो व तरफ नुसती रिकामी हलत राहते. अर्थात् पेट्रोलचा दाब ठरविणारी वस्तु म्हणजे ती स्प्रिंग होय. हा दाब साधारणतः दर चौरस इंचास तीन ते पांच पौंड असतो.

कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या गतीनें फिरतो. इंजिन मिनिटास ३००० फेरे करीत असेल तर तरफ मिनिटास १५०० वेळां हलते. वर पेट्रोल, खालीं इंजिनांतील ऊष्ण तेलाची वाफ, आणि मध्यें हा पातळ पडदा! तो कधीं ना कधीं विटणार, ताठर होणार व तडकणार हें उघड आहे. पंप करणाऱ्या कारागिरांसही तें ठाऊक होतें. म्हणून त्यांनीं पडद्याच्या खालच्या कोठडीच्या भिंतीस मुद्दाम एक बारीक छिद्र ठेविलें. पडदा फुटला असतां वरचें पेट्रोल खालच्या कोठडींत उतरावें आणि तेथून इंजिनांत न जातां या छिद्रावाटें बाहेर पडून मालकाच्या दृष्टीस यावें, अशी ही योजना आहे. आम्ही यास पाझर-छिद्र म्हणूं. या सर्व विषयांतील मर्म या छिद्रांत सांठविलेलें आहे, आणि दुर्दैवानें तेंच बुजविण्याकडे अज्ञ लोकांची प्रवृत्ति असते.

पूर्वीं प्रवासांत टाकीस बारीक भोंक पडलें तर ड्रायव्हर मंडळी साबणाची ओली वडी त्यावर घांसून गळती थोपवीत. टाकीपुरता हा तात्पुरता उपाय क्षम्य मानतां येईल. परंतु तोच साबण, लाखेसारखा पदार्थ अगर आधुनिक चिकटद्रव्य पाझर-छिद्रावर लावणें म्हणजे घरांत चोर शिरल्यावर भुंकणाऱ्या कुत्र्याचें तोंड बांधण्यासारखें आहे. छिद्र बुजलें म्हणजे थेंब दिसेनासा होतो, मालक समाधान पावतो, आणि पेट्रोल मुकाट्यानें तरफेच्या बाजूनें इंजिनाच्या तेलांत उतरूं लागतें. पेट्रोल मिसळलेलें तेल पातळ होतें. पातळ तेल बेअरिंगांवर टिकत नाहीं. आणि अल्पशा किंमतीच्या पडद्यापायीं सगळें इंजिन उघडण्याची पाळी येते. शिवाय इंजिनाच्या पोटांत पेट्रोलची वाफ कोंडून राहणें हा स्फोटाचा धोका निराळाच.

गळतीचीं स्थानें

"आग सोमेश्वरीं आणि बंब रामेश्वरीं" ही म्हण मोटारीच्या दुरुस्तींत जितकी खरी ठरते तितकी क्वचितच अन्यत्र ठरत असेल. पंपाखालीं ओल दिसली कीं पंप बदलावा, आणि बदलल्यावरही ओल तशीच रहावी, असे प्रसंग पुष्कळ घडतात. कारण पंप ओला दिसणें आणि पंप गळणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. ओल खालील पांच ठिकाणांहून येऊं शकते.

पहिलें ठिकाण नळ्यांच्या जोडांचें. रबरी नळी वयानें कडक होते, तिच्या तोंडाशीं केसासारख्या चिरा पडतात, क्लिप सैल होते. येथें दोष पंपाचा नसून नळीचा असतो. दुसरें ठिकाण पंपाच्या दोन अर्धांमधील सांध्याचें किंवा वरच्या झांकणाचें. तेथील स्क्रू ढिले झाले अगर झांकणाखालील गॅस्केट वाळलें म्हणजे सांध्याच्या कडेनें पाझर सुटतो. जुन्या जीपांच्या पंपास गाळ बसण्यासाठीं कांचेची वाटी असते. तिच्या कांठाखालील गॅस्केटही असेंच दगा देतें. तिसरें ठिकाण पाझर-छिद्राचें. तेथून पेट्रोल येत असेल तर पडदा फुटला यांत शंका धरूं नये. चौथें ठिकाण पंप व इंजिन यांमधील बैठकीचें. येथें येणारा द्रव पेट्रोल नसून इंजिनाचें तेल असतें. तें काळसर व बुळबुळीत असून बोटावरून उडून जात नाहीं. पांचवें ठिकाण पंपाच्या वर, म्हणजे कार्ब्युरेटरचें. तेथील सुई अडकली म्हणजे वाटी भरून वाहते आणि तें पेट्रोल ओघळत येऊन बिचाऱ्या पंपावर ठिबकतें. यास पंप बदलणें म्हणजे रोग म्हशीला आणि औषध पखालीला देण्यासारखें होय.

परीक्षेचा क्रम

परीक्षा इंजिन थंड असतां, उघड्या अंगणांत व दिवसाच्या उजेडीं करावी. पेट्रोलची वाफ हवेहून जड असते. बंद गॅरेजमध्यें ती जमिनीलगत सांचते आणि दूरच्या ठिणगीपर्यंत सरपटत जाते. शून्याखालीं सुमारें ४० अंशांवरही पेट्रोलपासून पेट घेण्याजोगी वाफ निघूं शकते, मग जालन्याच्या उन्हांत काय होईल याची कल्पना वाचकांनींच करावी. विडी, सिगारेट, देवापुढील निरांजन, स्वयंपाकघराची शेगडी यांपैकीं कांहींही जवळपास नसावें. कोरड्या रसायनाचें अग्निशामक नळकांडें हाताशीं असावें. तें नसल्यास निदान वाळूची बादली असावी. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतूं नये, कारण पेट्रोल पाण्यावर तरंगून आग अधिकच पसरते.

प्रथम पंप, नळ्या व आसपासचा भाग कोरड्या फडक्यानें स्वच्छ पुसून काढावा. मळाच्या पुटाखालीं गळती शोधणें व्यर्थ होय. नंतर सांध्यांवर खडूची बारीक पूड भुरभुरावी. इंजिन चालूं करून दोन-तीन मिनिटें लक्षपूर्वक पाहिलें असतां जेथें ओल फुटते तेथील पूड प्रथम काळवंडते, आणि उगम निश्चित होतो. पंख्याच्या पट्ट्याजवळ पदर, धोतराचा सोगा किंवा बाही जाऊं देऊं नये. पाझर-छिद्र बहुधा खालच्या बाजूस असतें व सहज दिसत नाहीं. लहान आरसा खालीं धरला म्हणजे तें दिसतें.

याच वेळीं इंजिनांतील तेलाची पट्टी बाहेर काढून पाहण्यास विसरूं नये. तेल कालच्यापेक्षां वर चढलेलें दिसलें, पट्टीस पेट्रोलचा वास आला, किंवा थेंब पाण्यासारखा झरझर ओघळला, तर पडद्यांतून पेट्रोल आंत उतरत आहे असें समजावें. जुनें इंजिन तेल खातें हें सर्वांस ठाऊक आहे. पण जुन्या इंजिनांतलें तेल वाढतें हें ऐकून कित्येक मालक उलट संतुष्ट होतात! तेल आपोआप वाढणें यासारखें दुश्चिन्ह दुसरें नाहीं. असें आढळल्यास इंजिन पुन्हां चालूं न करतां पंपाबरोबर तेलही बदलावें.

एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. टाकीपासून पंपापर्यंतची नळी ही ओढीची बाजू होय. इंजिन चालूं असतां तिच्या चिरेंतून पेट्रोल बाहेर येण्याऐवजीं हवाच आंत शिरते. म्हणून ही गळती डोळ्यांस दिसत नाहीं. गाडी चढावर दम सोडते, सकाळीं सेल्फ पुष्कळ वेळ मारावा लागतो, एवढीच तिची लक्षणें. पंपाची शक्ति पाहण्यासाठीं कार्ब्युरेटरकडील नळी सोडून तिचें तोंड बाटलींत धरावें, कॉइलची बारीक तार काढून ठेवावी म्हणजे ठिणगी पडणार नाहीं, आणि दुसऱ्या माणसाकडून सेल्फ मारवावा. पेट्रोल ठोक्याठोक्यानें जोरदार येत असेल तर पंप धडधाकट आहे. अशक्त धार किंवा बुडबुडे दिसले तर आधीं ओढीची नळी व पंपांतील जाळी तपासावी आणि मगच पंपास दोष द्यावा.

उष्णतेचा दोष निराळा

आमच्या भागांत आणखी एक भ्रम प्रचलित आहे. भर उन्हांत अंबड चौफुलीसारख्या ठिकाणीं गाडी थांबून पुन्हां सुरूं होत नाहींशी झाली म्हणजे पंपावर ओलें फडकें टाकण्याची पद्धत जुन्या ड्रायव्हरांत होती, आणि ती निराधार नव्हती. पेट्रोलचे हलके अंश ४० अंशांच्या आसपासच उकळूं लागतात. तापलेल्या इंजिनाला चिकटलेल्या पंपांत त्यांची वाफ होते. पंप द्रव ढकलूं शकतो, पण वाफ नुसती दाबली जाते व पुढें सरकत नाहीं. ओल्या फडक्यानें पंप थंड होऊन वाफेचें पुन्हां पेट्रोल होतें व गाडी चालूं लागते. हा दोष ऋतूचा व उष्णतेचा होय. यांत थेंब गळत नाहीं, वास विशेष येत नाहीं, आणि संध्याकाळीं गाडी नीट चालते. उलट पडदा फुटलेला असेल तर फडक्यानें कांहीं साधत नाहीं. फडकें पेट्रोलानें भिजून आगीची वात मात्र तयार होते. म्हणून फडकें टाकण्यापूर्वीं पंप कोरडा आहे याची खात्री करून घ्यावी.

इथेनॉलचा नवा प्रश्न

जुन्या पंपांच्या आयुष्यांत अलीकडे एक नवी अडचण उत्पन्न झाली आहे. देशांत पेट्रोलांत २० टक्के इथेनॉल मिसळण्याचा उपक्रम २०२३ च्या फेब्रुवारीपासून टप्प्याटप्प्यानें सुरूं झाला, व २०२५ पर्यंत तो बहुतेक सर्वत्र पोंचला. हें इथेनॉल मुख्यतः ऊस व धान्य यांपासून होतें; ऊस पिकविणाऱ्या आमच्या मराठवाड्यास तें परकें नाहीं, आणि त्याच्या आर्थिक गुणदोषांचा येथें विचार कर्तव्य नाहीं. परंतु पद्मिनीच्या काळीं जें रबर पंपांत व नळ्यांत घालीत तें अशा मिश्रणासाठीं बनविलेलें नव्हतें. इथेनॉलानें असें रबर फुगतें, मऊ होतें आणि पुढें तडकतें. शिवाय इथेनॉल हवेंतील ओलावा शोषून घेतें. गाडी महिनोन्महिने उभी राहिली तर पाणी तळाशीं बसून टाकी व पंप आंतून गंजतात. यावर उपाय दोन. नवा पडदा व नळी घेतांना इथेनॉलास टिकणाऱ्या रबराची मागणी करावी; वायटन या नांवानें ओळखलें जाणारें रबर त्या दृष्टीनें उत्तम. आणि जपून ठेवलेली गाडी पंधरवड्यांतून एकदां तरी काहीं मैल फिरवून आणावी.

दुरुस्ती कीं नवा पंप?

फुटलेला पडदा बदलून तोच पंप पुन्हां वापरणें शक्य असतें, मात्र पंप स्क्रूंनीं जोडलेला पाहिजे. कांहीं अलीकडचे पंप कडा दुमडून कायमचे बंद केलेले असतात. ते उघडतां येत नाहींत. जुना अस्सल पंप धातूनें भक्कम असतो, व त्यांत चांगला पडदा घातल्यास तो बाजारांतील हलक्या नकलेपेक्षां अधिक दिवस टिकतो. मात्र तरफेची खीळ झिजून खिळखिळी झाली असेल, किंवा सांध्याचे कांठ वांकले असतील, तर मोह सोडून नवा पंप घ्यावा.

पडदा बदलतांना पंप उघडण्यापूर्वीं दोन्ही अर्धांवर कानशीनें एक आडवी रेघ ओढावी, म्हणजे जोडतांना तोंडें फिरणार नाहींत. स्क्रू प्रथम बोटांनींच लावावे; नंतर तरफ पुरती दाबून पडदा खालीं ओढलेला असतांनाच ते समोरासमोरचे असे क्रमानें आंवळावे. तसें न केल्यास पडदा ताणून बसतो व थोड्याच दिवसांत पुन्हां फाटतो. मिस्त्रीच्या हातून होणाऱ्या घाईंत ही एक बाब हमखास राहून जाते. मालकानें जवळ उभें राहून तिची आठवण द्यावी.

नवा पंप घेतांना जुना सोबत न्यावा. तरफेचा बांक व लांबी, दोन्ही नळ्यांच्या तोंडांची दिशा आणि बोल्टांमधील अंतर हीं जुळलींच पाहिजेत. जालन्यासारख्या, लोखंडाच्या कारखान्यांनीं गजबजलेल्या गांवीं कुशल हातांचा तुटवडा नाहीं. "जालना सोने का पालना" असें म्हणण्याचा प्रघात आहेच. परंतु "साहेब, बसवून घेऊं कसें तरी" हें वाक्य कानीं पडतांच तो पंप परत करावा. दोन-चार मिलिमीटरांच्या फरकानें तरफ एक तर पेट्रोल ओढीत नाहीं, नाहीं तर मोडून इंजिनांत पडते.

बदलण्याची रीत

बॅटरीची ऋण बाजूची तार सर्वांत आधीं काढावी. टाकीचें झांकण एकदां उघडून आंतील दाब सोडावा. टाकीकडील नळी पंपापासून सोडतांच तिच्या तोंडांत योग्य जाडीचा बोल्ट खोंचून ती बंद करावी. नाहीं तर टाकी भरलेली असल्यास पेट्रोल आपोआप वाहत राहतें. खालीं पत्र्याचें ताट ठेवावें, प्लास्टिकचें नको.

यानंतर इंजिन हातानें थोडें फिरवून तरफ सैल पडेल अशा ठिकाणीं आणावें. चकतीचा फुगीर भाग तरफेवर आलेला असतांना बोल्ट सोडले तर पंप उसळतो व बसवितांना आडमुठेपणा करतो. दोन्ही बोल्ट आळीपाळीनें थोडे थोडे सोडावे. पंप निघतांना त्याच्या मागें जाड ठोकळा व गॅस्केटें दिसतील. हा ठोकळा इंजिनाची उष्णता पंपापर्यंत पोंचूं नये म्हणून ठेवलेला असतो. तो फेंकूं नये, आणि गॅस्केटें किती व कोणत्या जाडीचीं होतीं तें मोजून ठेवावें. त्यांच्या जाडीवर तरफेची ओढ अवलंबून असते. अधिक बरें म्हणून दोन गॅस्केटें जास्त घातलीं तर पेट्रोल कमी येतें.

उघड्या तोंडांत स्वच्छ फडकें खोंचून मगच जुनें गॅस्केट खरवडावें, म्हणजे कचरा इंजिनांत पडणार नाहीं. आणि तें फडकें पुन्हां काढण्याची आठवण ठेवावी. नव्या पंपाच्या तरफेस थोडें तेल लावून ती चकतीच्या योग्य अंगास बसेल अशी आंत सारावी. पंप हातानें दाबला असतां स्प्रिंगची माफक ओढ जाणवून तो बैठकीस टेकला पाहिजे. तो टेकत नसेल तर तरफ चुकीच्या अंगास आहे. बोल्टांच्या जोरानें तो ओढून बसविण्याचा प्रयत्न मुळींच करूं नये. तो टेकल्यावर बोल्ट आळीपाळीनें आंवळावे. नळ्यांचे धातूचे नट प्रथम बोटांनीं तीन-चार फेरे फिरवून मग पाना लावावा, कारण वांकडा बसलेला नट नव्या पंपाचे आटे एका क्षणांत खातो. रबरी नळ्या व क्लिपा याच वेळीं नव्या घालाव्या. नव्या पंपास जुनी नळी लावणें ही काटकसर नव्हे.

बॅटरी जोडण्यापूर्वीं सांडलेलें पेट्रोल वाळूं द्यावें व चिंध्या दूर नेऊन टाकाव्या. पंपास हातानें हलविण्याचा खटका असल्यास तो हात जड लागेपर्यंत हलवावा, म्हणजे कार्ब्युरेटर भरतो. नसल्यास सेल्फ दहा-दहा सेकंद, मध्यें विश्रांति देऊन, मारावा. इंजिन लागल्यावर पांच मिनिटें त्याजपाशींच थांबून प्रत्येक सांधा कोरडा आहे याची खात्री करावी. एका दिवसाच्या प्रवासानंतर, म्हणजे सुमारें शंभर किलोमीटरांनंतर, बोल्ट पुन्हां एकदां तपासावे. नवें गॅस्केट थोडें दबतें व बोल्ट सैल पडतात.

घरांतील सर्वांसाठीं

आतां मुंबई-नागपूर समृद्धि महामार्ग जालन्याजवळून जातो. त्यावरील वेग जुन्या मोटारींस झेंपणारे नाहींत, हें तर खरेंच. परंतु गळका पंप घेऊन तेथें जाणें हें शुद्ध अविवेकाचें लक्षण होय. वाटेंत पेट्रोलचा तीव्र वास आला तर गाडी कडेस घ्यावी, किल्ली बंद करावी, लहानथोर सर्वांस खालीं उतरवून दूर उभें करावें, आणि बॉनेट एकदम सताड न उघडतां थोडें वर करून आंत काय आहे तें पहावें. आग असेल तर बॉनेट उघडतांच हवा मिळून ती भडकते. हा नियम गाडी हांकणाऱ्यानेंच नव्हे, तर घरांतील प्रत्येकानें माहीत करून घ्यावा.

घरोघर जमाखर्चाची वही असते, तशी जुन्या मोटारीचीही एक वही असावी. पंप केव्हां बदलला, नळी कोणती घातली, तेल केव्हां ओतलें व पट्टीवर तें कोठवर होतें, या चार ओळींनीं पुढील संकटें टळतात. तेलाची पट्टी दर रविवारीं पाहण्याचें काम घरांतील मुलांवर सोंपविण्यास हरकत नाहीं; थंड इंजिनाची पट्टी काढण्यांत धोका नाहीं, आणि तेल वाढलें कीं कमी झालें हें सांगण्यास दहा वर्षांचें मूलही समर्थ असतें. लहानपणीं ही दृष्टि आली म्हणजे मोठेपणीं यंत्राचें भय राहत नाहीं.

जुनी वस्तु प्रेमानें जतन करणें हा सद्गुणच आहे. परंतु जतन करणें म्हणजे तिचे दोष झांकणें नव्हे. पंप बनविणाऱ्यांनीं पडद्याखालीं तें लहानसें छिद्र ठेवून दोष प्रकट होण्याची सोय करून दिली आहे. तें मोकळें व स्वच्छ ठेवावें, वरचेवर पहावें, आणि त्यांतून पहिला थेंब आला कीं दुसऱ्याची वाट पाहूं नये.